औषधाचं पार्सल आणि निडी स्टेशन

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



दिव्याहून सुटलेली रोहा गाडी पनवेल, आपटा, पेण, कासू, नागोठणे अशी एकेक स्टेशनं घेत येते आणि रोह्याच्या अगोदर एका लहानशा स्टेशनावर क्षणभर थांबते. ते आमचं निडी. लांब पल्ल्याच्या गाड्या इथून धडधडत निघून जातात. फलाटावरच्या माणसाला नुसता वारा लागतो. मी या गावचा. तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवलं आणि २०२० साली निवृत्त झालो. आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते एका आजाराविषयी आणि त्यावरच्या एका नव्या आशेविषयी. आजार माझ्या स्वतःच्या पोटातला आहे, त्यामुळे थोडं मोकळेपणानं बोलावं लागेल. जेवायला बसला असाल तर आधीच क्षमा मागतो.

गेल्या वर्षीची गोष्ट. गौरी-गणपती आटोपले होते. शेजारच्या वहिनी हातात वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन आल्या. त्यांचा धाकटा मुलगा एकोणीस वर्षांचा. त्याला क्रोन्स डिसीज आहे. सुरुवातीला आतड्याचा क्षय समजून त्याला क्षयाच्या गोळ्या दिल्या गेल्या, मग तपासण्या पुन्हा झाल्या आणि आजाराचं खरं नाव कळलं. आता दर पंधरा दिवसांनी त्याला इंजेक्शन घ्यावं लागतं. वहिनी म्हणाल्या, "भावजी, जरा वाचून सांगा. नॅनो का काय, त्याचं औषध निघालंय म्हणे. हे मुंबईला मिळेल का? पोराची सुई बंद करता येईल का?"

मी कात्रण वाचलं. बातमी खोटी नव्हती. पण ती कोणाच्या पोटाविषयी होती, हे शेवटच्या ओळीत होतं. प्रयोग उंदरांवर झाला होता. वहिनींना लगेच काय सांगावं, ते मला सुचेना. कारण अशाच एका बातमीपायी मी स्वतः एकदा इस्पितळात नऊ दिवस काढले आहेत. ते पुढे सांगतो. आधी आजाराची ओळख करून देतो.

आतड्यांच्या दीर्घकालीन दाहाचे मुख्य प्रकार दोन. एक अल्सरेटिव्ह कोलायटिस. यात फक्त मोठ्या आतड्याचं आतलं अस्तर सुजतं, सोलवटतं, त्यावर व्रण पडतात. सुरुवात गुदाशयापासून होते आणि सूज सलग वर चढत जाते. दुसरा क्रोन्स. हा तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो, मध्ये मध्ये ठिगळं लावल्यासारखा, आणि आतड्याच्या भिंतीच्या पूर्ण जाडीत शिरतो. १९३२ साली न्यूयॉर्कच्या बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपेनहायमर या डॉक्टरांनी त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं, म्हणून हे नाव. दोन्ही आजारांत शरीराची संरक्षणव्यवस्था आपल्याच आतड्यावर तुटून पडते. हे संसर्गाचे आजार नाहीत. एकाचे दुसऱ्याला होत नाहीत.

हा गोऱ्या लोकांचा आजार, आपल्याकडे नसतोच, असा समज फार काळ होता. लुधियानाच्या डॉ. अजित सूद यांनी पंजाबात घरोघर पाहणी करून २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. दर लाख लोकांमागे अल्सरेटिव्ह कोलायटिसचे सुमारे ४४ रुग्ण आढळले. तेव्हा कुठे हा आपलाही आजार आहे, याची चर्चा वाढली.

मला तो १९९८ साली झाला. वय छत्तीस. शौचातून रक्त आणि आव पडू लागली. दिवसातून आठ-दहा वेळा जावं लागे. गावात कोणी म्हणालं मूळव्याध, कोणी म्हणालं उष्णता. सहा महिने मी मूळव्याधीची औषधं घेतली, ताक प्यालो, तिखट सोडलं. वर्गात फळ्यावर आकृती काढताना अर्ध्यातच खडू ठेवून पळावं लागे. मुलं हसत आणि मी त्यांना दोष देत नसे. शेवटी मुंबईला जाऊन दुर्बिणीची तपासणी केली, तेव्हा निदान झालं. तेव्हापासून त्या रोहा गाडीनं मी इतक्या वेळा मुंबई केली आहे की, डब्यात शिरल्यावर खिडकीची जागा न बघता संडास कुठल्या टोकाला आहे ते बघायची मला सवयच लागली. हा आजार असलेल्या प्रत्येकाला ही सवय असते.

पहिलं औषध मिळालं ते स्टिरॉइड. ऑक्सफर्डच्या सिडनी ट्रुलव्ह आणि लेस्ली विट्स या डॉक्टरांनी १९५५ साली शिस्तशीर चाचणी करून कॉर्टिसोन या आजारात उपयोगी पडतं, हे दाखवून दिलं होतं. मलाही गुण आला. पंधरवड्यात रक्त थांबलं. पण चेहरा सुजून गोल झाला, साखर वाढली, रात्रीची झोप गेली. मी डॉक्टरांना विचारलं, "दुखणं हातभर आतड्यात आणि परिणाम सगळ्या अंगावर, असं का?" ते म्हणाले, "औषध रक्तात मिसळतं आणि रक्त सगळीकडे जातं. त्याला तुमचं आतडं तेवढं वेगळं ओळखता येत नाही."

परतीच्या गाडीत मी त्याच उत्तराचा विचार करत होतो. समजा, कोणाला निडीला एक पार्सल पाठवायचं आहे. त्यानं दिव्यापासून रोह्यापर्यंत प्रत्येक स्टेशनावर एकेक पार्सल टाकलं, तर निडीचं निडीला मिळेल हे खरं. पण बाकीच्या स्टेशनांवर नको असलेल्या पार्सलांचा ढीग लागेल. स्टिरॉइडचं तसंच होतं. औषधशास्त्राचा अर्धा इतिहास हा पार्सल नेमक्या स्टेशनावर उतरवण्याच्या खटपटीचा आहे. नॅनोकण हा त्याच खटपटीतला आजचा टप्पा.

या खटपटीची सुरुवात जुनी आहे. स्वीडनमध्ये नाना स्वार्ट्झ नावाच्या महिला डॉक्टर होत्या. सांधेदुखीसाठी म्हणून त्यांनी एका औषध कंपनीच्या मदतीनं सल्फासलाझिन हे औषध तयार करून घेतलं. ते कोलायटिसच्या रुग्णांनाही लागू पडतं, हे १९४०च्या सुमारास त्यांच्या लक्षात आलं. या औषधात दोन रेणू एकमेकांना जोडलेले असतात. जठर आणि लहान आतडं पार करून ते बऱ्याच अंशी तसंच मोठ्या आतड्यात पोहोचतं. तिथले जिवाणू तो जोड तोडतात आणि दोन्ही रेणू सुटे होतात. त्यातला नेमका कुठला रेणू काम करतो, हे १९७७ साली ऑक्सफर्डमध्ये ट्रुलव्ह यांच्याबरोबर काम करणारे, आपल्या शेजारच्या बांगलादेशचे डॉ. आझाद खान यांनी दाखवलं. काम करणारा भाग होता मेसालामिन. दुसरा भाग गाडीसारखा, माल वाहून नेणारा. मग नुसतं मेसालामिन घेऊन त्यावर असं वेष्टन चढवलं गेलं की, ते जठराच्या आम्लात विरघळत नाही, आतड्याच्या शेवटच्या भागात आम्लता कमी झाल्यावर विरघळतं. आज माझ्या डब्यात त्याच गोळ्या आहेत. पार्सलावर पत्ता लिहायला माणूस नॅनोच्या पुष्कळ आधी शिकला, हे लक्षात असू द्या.

मग नॅनोची गरज काय? पहिलं कारण असं की, गोळी मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचते, पण तिथे निरोगी भाग कुठला आणि व्रण पडलेला भाग कुठला, हे तिला कळत नाही. शिवाय जुलाब होत असतील, तर गाडी स्टेशनावर थांबतच नाही. औषध काम करण्याआधीच वाहून जातं. दुसरं कारण, मेसालामिन सौम्य आजाराला पुरतं, तीव्र आजाराला पुरत नाही. क्रोन्समध्ये तर त्याचा फारसा उपयोगच होत नाही. तिथे जी जोरकस औषधं लागतात, ती सगळ्या शरीराची संरक्षणव्यवस्था दाबतात. १९९८ साली अमेरिकेत इन्फ्लिक्सिमॅब या औषधाला क्रोन्ससाठी मान्यता मिळाली. दाह पेटवणारा टीएनएफ नावाचा एक रेणू ते अडवतं. हजारो रुग्णांची आयुष्यं त्यानं सावरली. पण तोच टीएनएफ क्षयाच्या जंतूंनाही कोंडून ठेवत असतो. तो अडवला की, शरीरात वर्षानुवर्षं झोपलेला क्षय जागा होऊ शकतो. आपल्या देशात असा झोपलेला क्षय किती जणांच्या अंगात असतो, हे वेगळं सांगायला नको. म्हणून ही इंजेक्शनं सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी करतात. सुजलेल्या जागेपुरताच टीएनएफ अडवता आला तर? नॅनोकणांकडे डोळे लागले आहेत ते यासाठी.

आता नॅनो म्हणजे किती लहान? एका मीटरचे शंभर कोटी भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. आपला केस साधारण ८० हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो. रक्तातली तांबडी पेशी सुमारे ७ हजार नॅनोमीटरची. औषध वाहून नेणारे नॅनोकण बहुधा शे-दोनशे नॅनोमीटरचे असतात. ते चरबीचे करता येतात, शरीरात हळूहळू विरघळणाऱ्या प्लास्टिकसारख्या पदार्थांचे करता येतात. औषध त्यांच्या पोटात भरायचं किंवा पाठीवर चिकटवायचं.

ही काही नुसती कल्पना नाही. २०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर काळी बुरशी नावाचा आजार आला. लायपोसोमल ॲम्फोटेरिसिनच्या कुप्यांसाठी महाराष्ट्रभर नातेवाईक धावत होते, ते आठवतं ना? तेच नॅनोकणांचं औषध. ॲम्फोटेरिसिन बुरशीला मारतं, पण मूत्रपिंडालाही दुखावतं. चरबीच्या अतिसूक्ष्म पुड्यांत भरून दिलं की, मूत्रपिंडाचा त्रास पुष्कळ कमी होतो. आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे, या औषधाचा एक भारतीय प्रकार मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालय आणि के.ई.एम. रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी दिल्ली विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांच्या साथीनं विकसित केला. करोनाच्या काही लशींमध्येही चरबीचे नॅनोकण होते. तेव्हा आपल्यापैकी काहींच्या बाबतीत नॅनोकण दंडातून आधीच आत गेलेले आहेत.

आतड्याच्या बाबतीत शास्त्रज्ञांना एक गोष्ट फार उपयोगाची वाटली. निरोगी आतड्याचं अस्तर घट्ट विणलेलं असतं आणि त्यावर बुळबुळीत स्रावाचा थर असतो. दाह झालेल्या ठिकाणी ही वीण उसवते, थर विरतो. शिवाय तिथे कण गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी गर्दी करून असतात. म्हणजे लहान कण उसवलेल्या जागी आपोआप अडकतील आणि पेशी त्यांना गिळतील. पत्ता लिहायचीसुद्धा गरज नाही. जखम हाच पत्ता.

२००१ साली जर्मनीत आल्फ लाम्प्रेश्ट, क्लाउस-मिशाएल लेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे पडताळून पाहिलं. कोलायटिस झालेल्या उंदरांना त्यांनी तीन आकारांचे चमकणारे कण दिले. १० मायक्रॉनचे, १ मायक्रॉनचे आणि त्याच्याही दहाव्या हिश्शाचे, म्हणजे १०० नॅनोमीटरचे. सगळ्यात लहान कण सगळ्यात जास्त चिकटले. दिलेल्या कणांपैकी सुमारे साडेचौदा टक्के सुजलेल्या आतड्यात सापडले. त्यानंतर या क्षेत्रात जणू दारच उघडलं. अमेरिकेत अटलांटाच्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठात दिदिये मर्लिन यांच्या गटानं २०१६ साली चक्क आल्याच्या रसातून नैसर्गिक नॅनोकण वेगळे केले. ते तोंडावाटे दिल्यावर उंदरांच्या आतड्याचा दाह उतरला. आलं आपल्या चहात रोजच असतं, तेव्हा ही बातमी आपल्याकडे चवीनं वाचली जाणारच.

इथे मला माझी चूक सांगायची आहे.

२०१७ साली, मे महिन्याच्या सुट्टीत, एका ओळखीच्या गृहस्थांनी मला एक बाटली आणून दिली. 'नॅनो हळद' असं तिचं वर्णन होतं. हळदीतलं करक्युमिन दाह कमी करतं, नॅनो केल्यामुळे ते कैकपटींनी लागू पडतं, असं सोबतच्या कागदावर छापलं होतं. कागदावर उंदरांच्या प्रयोगाचे आलेखही होते. मी विज्ञानाचा शिक्षक. आलेख दिसला की माझा विश्वास बसतो. शिवाय एकोणीस वर्षं रोज गोळ्या घेऊन कंटाळलो होतो. तब्येत दोन वर्षं उत्तम होती. मी गोळ्या बंद केल्या आणि थेंब सुरू केले. घरात कोणाला सांगितलं नाही. पाच आठवडे काहीच झालं नाही. मला वाटलं, जिंकलो. सहाव्या आठवड्यात रक्त दिसलं. ते मी चार दिवस लपवलं. दहाव्या दिवशी मी न्हाणीघरात चक्कर येऊन पडलो. इस्पितळात नऊ दिवस, रक्ताच्या दोन पिशव्या आणि पुन्हा तेच स्टिरॉइड. पलंगाशी बसलेली माझी पत्नी एवढंच म्हणाली, "मुलांना सांगत होतात ना, प्रयोग करताना आधी बाईंना विचारा म्हणून?"

नंतर मी वाचायला बसलो. हळद निरुपयोगी आहे, असं मी म्हणणार नाही. त्याच २०१७ साली दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी एक चाचणी प्रसिद्ध केली होती. सौम्य ते मध्यम कोलायटिसच्या रुग्णांना रोज ४५० मिलिग्रॅम साधं करक्युमिन दिलं, काहींना बिनऔषधी गोळी दिली. आठ आठवड्यांनी फरक दिसला नाही. पुढे हैदराबादला डॉ. रूपा बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी शरीरात जास्त शोषलं जाईल असं खास घडवलेलं करक्युमिन, रोज फक्त १०० मिलिग्रॅम दिलं. ती चाचणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. तिथे मात्र गुण दिसला. म्हणजे पदार्थ तोच, मात्रा कमी आणि परिणाम जास्त. पार्सल कसं पाठवता याला किती महत्त्व आहे, ते यातून कळतं. पण श्रोतेहो, त्या चाचणीत रुग्ण होते ६९. आणि ते सगळे मेसालामिनही घेत होते. हळद गोळीच्या जोडीला होती, गोळीच्या जागी नव्हती. माझ्या बाटलीवरच्या कागदानं नेमकं हेच सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

दुसरी गोष्ट मला कळली ती आणखी महत्त्वाची. २००१च्या उंदरांच्या प्रयोगात ज्यांचा सहभाग होता, त्या लेर यांच्यासह जर्मनीतल्या संशोधकांनी पुढे माणसांवर तसाच प्रयोग केला. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. रुग्णांना बस्तीवाटे दोन आकारांचे कण दिले, एक सुमारे २५० नॅनोमीटरचे आणि दुसरे त्यांच्या दहापटीहून मोठे, सुमारे ३ मायक्रॉनचे. मग दुर्बिणीतून पाहिलं. अपेक्षा होती की लहान कण जिंकतील. झालं उलट. माणसाच्या व्रणांत मोठे कण जमलेले दिसले, नॅनोकण नावापुरते सापडले. उंदराचं आतडं आणि माणसाचं आतडं यांत एवढं अंतर. स्वतःच्या आधीच्या निष्कर्षाला धक्का देणारा निकाल त्या शास्त्रज्ञांनी तसाच छापला, याचं मला फार कौतुक वाटतं. मी शाळेत असतो, तर हा प्रयोग मुलांना 'विज्ञान म्हणजे काय' या धड्यात शिकवला असता.

लहान कण म्हणजे चांगले कण, हाही भ्रम नको. टायटॅनियम डायऑक्साइड ही पांढरी पूड गोळ्यांच्या वेष्टनात, मिठाईत रंगासाठी वापरली गेली. तिच्यातही नॅनोकण असतात. २०१७ साली झुरिकच्या संशोधकांना दिसलं की, कोलायटिस झालेल्या उंदरांना ती दिली, तर त्यांचा दाह वाढतो. इतर शंकांमुळे युरोपीय संघानं २०२२ साली खाद्यपदार्थांत तिच्या वापराला बंदी केली. उसवलेल्या भिंतीतून औषध आत जाऊ शकतं, तर नको ते कणही जाऊ शकतात. म्हणून प्रत्येक नॅनो-औषध स्वतंत्रपणे तपासावं लागतं. आपल्या सरकारनं २०१९च्या ऑक्टोबरमध्ये नॅनो-औषधांची पारख कशी करावी, याची मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली, ती याच कारणासाठी. औषधाचा कण किती मोठा, तो शरीरात कुठे जातो, किती दिवस राहतो, बाहेर कसा पडतो, हे सगळं कंपनीनं सांगितलं पाहिजे. बाटलीवर 'नॅनो' छापणं सोपं आहे. या प्रश्नांची उत्तरं देणं अवघड आहे.

आज माझ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नॅनोकणांचं एकही औषध नाही. संशोधन चालू आहे आणि त्यातून काही ना काही हाती लागेल, असं मला मनापासून वाटतं. पण आजच्या रुग्णाकडे आज जे आहे, ते मी तरुण होतो तेव्हाच्या मानानं पुष्कळ आहे. टीएनएफ अडवणाऱ्या अडॅलिमुमॅब या इंजेक्शनाची जगातली पहिली सममूल्य आवृत्ती डिसेंबर २०१४ मध्ये एका भारतीय कंपनीनंच बाजारात आणली आणि किंमत बरीच उतरली. टोफासिटिनिब या गोळीला २०१८ साली कोलायटिससाठी अमेरिकेत मान्यता मिळाली आणि तिच्या जेनेरिक गोळ्या आपल्याकडे मिळतात. या सगळ्यांना धोके आहेत, तपासण्या लागतात, खर्च आहे. तरीही हा रस्ता माणसांनी चालून पाहिलेला आहे.

आता चार अनुभवाच्या गोष्टी. शौचातून दोन-तीन आठवड्यांहून अधिक काळ रक्त किंवा आव पडत असेल, रात्री झोपेतून उठून परसाकडे जावं लागत असेल, वजन घटत असेल, तर मूळव्याध समजून घरी बसू नका. तपासणी करा. क्षय आणि क्रोन्स यांचं रूप इतकं सारखं असतं की, मोठमोठे डॉक्टरही अडखळतात, तेव्हा पुन्हा तपासणी सांगितली तर चिडू नका. डोकं दुखलं, कंबर दुखली म्हणून दुकानातून वेदनाशामक गोळी आणून घेऊ नका. काही गोळ्यांनी हा आजार उसळतो. आजाराला आठ वर्षं झाली की, लक्षणं असोत वा नसोत, डॉक्टर सांगतील त्या अंतरानं दुर्बिणीची तपासणी करून घ्या, कारण कर्करोगाचा धोका हळूहळू वाढतो. आणि बरं वाटतंय म्हणून औषध बंद करू नका. बरं वाटतंय ते औषधामुळे, हे मला कळायला रक्ताच्या दोन पिशव्या लागल्या.

त्या दिवशी वहिनींना मी हे सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या आणि मुलगा दारात उभा राहून ऐकत होता. माझं बोलून झाल्यावर वहिनींनी विचारलं, "म्हणजे सुई चालूच ठेवायची?" मी म्हटलं, "चालूच. आणि हे कात्रण फाडू नका, त्याच्या फायलीत ठेवा. पुढच्या खेपेला डॉक्टरांना दाखवा. विचारायला काही पैसे पडत नाहीत."

मुलानं मला एकच प्रश्न विचारला. "सर, तुम्हाला गाडीत भीती वाटत नाही?" आजाराबद्दल, औषधाबद्दल, कशाबद्दलच त्याला विचारायचं नव्हतं. धाटावच्या कारखान्यात त्याला नोकरी लागत होती आणि रोज रोह्याला जायचं होतं. निडी ते रोहा, एकच स्टेशन. त्या एका स्टेशनाची त्याला भीती वाटत होती.

मी त्याला खरं ते सांगितलं. वाटते. अजून वाटते. पण मी पिशवीत एक जादा पायजमा ठेवतो, डब्याचं टोक बघून बसतो आणि जातो. नॅनोकण येतील तेव्हा येतील. तोवर गाडी चुकवून चालत नाही. पुढच्या सोमवारी मी त्याच्याबरोबर रोह्यापर्यंत गेलो. मंगळवारी तो एकटा गेला.